नळाचं पाणी तपासायचं, पण कशासाठी?

बडोद्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याचा विषय निघाला की थोड्याच वेळात एक फोटो येतो. स्टीलचा पेला, त्यात बुडवलेलं टीडीएस मीटर आणि पडद्यावर आकडा. "आमच्याकडे २१०." त्याखाली दुसरा फोटो, "आमच्या बोअरला ११४०!" मग कोणाचा आरओ किती वर्षं टिकला यावर गाडी जाते, आणि हे पाणी पिण्यालायक आहे का हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे किती मिलीग्रॅम ते. पण ते मीटर खरं तर क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्याला साधारण ०.५ ते ०.७ च्या गुणकाने गुणून क्षारांचा अंदाज दाखवतं. अंदाज म्हणून तो बरा असतो. मात्र जे वीज वाहून नेत नाही ते त्याला दिसत नाही. जंतू दिसत नाहीत, बहुतेक कीटकनाशकं दिसत नाहीत. शिशासारखं द्रव्य तर लिटरमागे ०.०१ मिलीग्रॅमच्या पुढे गेलं तरी नको असतं, आणि टीडीएसचे आकडे शेकड्यांत चालतात. त्या गर्दीत शिसं सापडणार कसं?

एक हिशेब करून बघा. नळाच्या पाण्याचा टीडीएस ३०० आणि गटाराच्या पाण्याचा ७०० धरू. फुटक्या जोडातून नळाच्या पाण्यात शंभरात एक भाग गटाराचं पाणी मिसळलं तर मीटर ३०४ दाखवेल. एवढा फरक तर तेच पाणी दोनदा मोजलं तरी पडतो. आता दुसरी बाजू. कच्च्या मैलापाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू दर १०० मिलीलीटरमागे दहा लाख ते एक कोटीच्या घरात असतो. त्याचा शंभरावा भाग म्हणजे अर्ध्या पेल्यात दहा हजार ते एक लाख. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, सांगतं की १०० मिलीलीटरमध्ये हा जिवाणू एकही सापडता कामा नये. मीटर ३०४ दाखवत असतं आणि घरातली दोन माणसं सलाइनवर असतात, असं होऊ शकतं.

या मीटरचा जुळा भाऊ म्हणजे प्युरिफायर विकायला येणाऱ्या मुलाच्या पिशवीतलं यंत्र. कारेलीबागेत एका मावशींकडे हा प्रयोग मी शेजारी बसून पाहिला आहे. दोन पेले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने सोबत आणलेलं आरओचं. यंत्राला खाली सळ्या लावलेल्या. ते प्लगमध्ये घातलं, बटण दाबलं आणि मिनिटाभरात नळाच्या पेल्यात तपकिरी-हिरवट गाळ उसळून आला. आरओचा पेला जवळजवळ तसाच. "बघा मावशी, हे तुम्ही रोज पिता." मावशींचा चेहरा पडला. मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून आरओच्या पेल्यात टाकलं आणि म्हटलं, आता परत लाव. तोही पेला तसाच तपकिरी झाला. त्या सळ्यांत एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज गाळ होऊन वर येतो. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नसतात, वीज वाहत नाही, म्हणून गंजही येत नाही. पेल्यात दिसलेली घाण पाण्यातली नव्हतीच, ती त्या सळीची होती. मुलगा बिचारा कमिशनवर काम करणारा, त्यालाही हे कोणी सांगितलेलं नसणार.

म्हणून कोणी विचारलं, "पाणी कुठल्या लॅबमध्ये देऊ?" की मी आधी विचारतो, पाणी येतं कुठून आणि कोणत्या वाटेने? त्यावर ठरतं काय तपासायचं. सगळंच तपासायला निघालात तर हजारो रुपये जातील आणि नेमकी लागणारी चाचणी राहून जाईल.

तळं, नदी आणि जमीन

बडोद्यात निदान तीन जातींचं पाणी आहे. पहिलं आजव्याचं. सयाजीराव महाराजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पूर्वेला बांधलेलं हे सरोवर अजूनही शहराच्या पूर्वेकडच्या भागाला पाणी देतं. तिथलं पाणी निमेट्याच्या केंद्रात शुद्ध होतं. उघड्या तळ्याचं पाणी म्हटलं की पावसाळ्यात आजूबाजूच्या शेतांतून माती, शेणखत, खतं आणि फवारण्या धुऊन येणार, हे गृहीतच धरावं लागतं. उन्हाळ्यात पातळी उतरली, ऊन वाढलं की शेवाळ माजतं आणि पाण्याला ओल्या मातीचा वास येऊ लागतो. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. एका लिटरमध्ये दहा नॅनोग्रॅम एवढं जरी असलं तरी आपल्या नाकाला कळतं. या वासाने कोणी आजारी पडत नाही, पण तक्रारी सगळ्यात जास्त त्याच्याच येतात. ज्याला वास नाही, रंग नाही, त्याची तक्रार करायला कोणी जात नाही.

शुद्धीकरण केंद्रात होतं काय? तुरटी किंवा तिच्या जातीचं रसायन घालून बारीक कण एकत्र गोळा करायचे, ते तळाशी बसू द्यायचे, वरचं पाणी वाळूतून गाळायचं आणि शेवटी क्लोरीन द्यायचा. गढूळपणा घालवणं हे नुसतं दिसण्यासाठी नसतं. जंतू मातीच्या कणांच्या आड लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मानकात गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू (हे गढूळपणाचं एकक) आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत सूट. १ एनटीयूचं पाणी डोळ्यांना निखळ स्वच्छ दिसतं. ५ चंही साध्या पेल्यात चटकन गढूळ वाटत नाही.

दुसरं पाणी महीचं. फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा इथे नदीच्या पात्रात ज्या विहिरी आहेत त्यांना सगळे फ्रेंच वेल म्हणतात. काँक्रीटची रुंद उभी विहीर आणि तिच्या तळाशी छत्रीच्या काड्यांसारख्या चहूकडे वाळूत शिरलेल्या भोकांच्या आडव्या नळ्या. नदीचं पाणी वाळूच्या थरातून झिरपत या नळ्यांत येतं, म्हणजे अर्धी गाळणी नदीच करून देते. गढूळपणा आणि बरेचसे जंतू वाळूत अडकतात. विरघळलेलं मात्र वाळूला अडवता येत नाही. शिवाय वाळूच्या आत प्राणवायू कमी असला की लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळून येतात. पंपातून निघताना पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की तासाभरात पिवळं. बादलीच्या तळाशी तांबूस साका बसत असेल तर लोह तपासून घ्या.

तिसरं पाणी जमिनीतलं. शहराच्या कडेला नव्याने वाढलेल्या वसाहती, फार्महाऊस, अपुरं पाणी येतं म्हणून बोअर जोडून घेतलेल्या सोसायट्या. बोअरच्या पाण्यात सहसा जंतू कमी आणि क्षार जास्त. तळ्याच्या पाण्यात याच्या उलट. बडोद्यातल्या अनेक इमारतींत हे दोन्ही एकाच भूमिगत टाकीत सोडतात, म्हणून एकाच इमारतीत सकाळी टीडीएस २५० आणि संध्याकाळी ९०० दिसतो. वर "महापालिकेचं पाणी बिघडलं" म्हणून ग्रुपवर ओरडा होतो तो वेगळाच.

वाटेत काय होतं

केंद्रातून निघालेलं पाणी चांगलं असलं तरी ते तुमच्या नळापर्यंत चांगलं पोचेल असं नाही, आणि आपल्याकडे घोळ होतो तो बहुतेक या वाटेतच. पाणी चोवीस तास येत नाही, ठरावीक वेळेला येतं. पुरवठा थांबला की नळांतला दाब उतरतो. जमिनीखालच्या लाइनला कुठे चीर असेल, जोड ढिला असेल आणि आजूबाजूची माती ड्रेनेजच्या गळतीने भिजलेली असेल, तर तो ओलावा लाइनच्या आत येतो. जुन्या वस्त्यांत दोन्ही लाइनी एकमेकींना खेटून गेलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की सगळ्यात आधी तेच येतं. नळ आल्यावर पहिल्या एक-दोन बादल्या कपड्यांना किंवा झाडांना वापरायची आपल्या आज्यांची सवय होती, तिच्यामागे हे कारण आहे.

त्यात भर लाइनला थेट लावलेल्या मोटरची. टाकीतून पाणी चढवायला मोटर हवीच, पण रस्त्यावरच्या लाइनला जोडलेली मोटर पाणी ओढते म्हणजे लाइनमध्ये पोकळी निर्माण करते आणि त्या चिरांतून बाहेरचं आत खेचते. शेजारच्या चार घरांसाठीही. नियमात ती बसत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी ती असते.

तिसरी जागा आपली भूमिगत टाकी. झाकण जमिनीच्या बरोबरीने, कडेला तडा, आणि पावसाचं पाणी कंपाउंडमध्ये साठलं की थेट आत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा अशा किती टाक्या भरल्या असतील याची कल्पना केली तरी पुरे.

जंतूंची तपासणी

पाण्यातून पसरणारे रोग अनेक आहेत. टायफॉइड, कॉलरा, आमांश, हिपॅटायटिस ए आणि ई. प्रत्येक जंतू वेगळा शोधणं महाग, वेळखाऊ आणि बरेचदा निष्फळ, कारण तो पाण्यात येतो थोड्या दिवसांसाठी आणि थोड्या संख्येने. म्हणून शोधायचा तो ई. कोलाय. तो माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात कायम असतो, त्याच्या बहुतेक जाती स्वतः निरुपद्रवी असतात आणि पाण्यात तो सापडला याचा अर्थ एवढाच की पाण्यात विष्ठा पोचली आहे. विष्ठा पोचली म्हणजे तिच्यातून काहीही पोचू शकतं. रिपोर्टवर "टोटल कोलीफॉर्म" असाही आकडा असतो. त्या कुटुंबातले काही जिवाणू माती-पाल्यातही असतात, म्हणून एकटा तो आकडा आला तर टाकी आणि लाइन तपासायची. ई. कोलाय आला तर त्या क्षणापासून पाणी उकळून प्यायचं, बाकीचं नंतर.

पण या खुणेलाही मर्यादा आहे, आणि ती आपल्या देशाने फार महागात शिकली. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेचं पात्र सरकलं आणि वजिराबादच्या पंपांपाशी मैलापाणी आलं. केंद्राच्या लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवला. टायफॉइड आणि आमांशाची लाट आली नाही. काही आठवड्यांनी मात्र कावीळ आली आणि सुमारे २९ हजार लोकांना झाली. क्लोरीनने जिवाणू मेले होते, विषाणू टिकला होता. तो विषाणू हिपॅटायटिस ई होता हे कळायला पुढची कित्येक वर्षं गेली. गढूळ, मैलामिश्रित पाण्यात नुसता क्लोरीन ओतून भागत नाही, हे त्यातून कळलं.

तरीही क्लोरीनला पर्याय नाही. आरओ किंवा यूव्हीचा (म्हणजे अतिनील दिव्याचा) परिणाम त्या यंत्रातून जाताना होतो. पुढे पाणी टाकीत, माठात, बाटलीत पडून राहिलं तर त्याला कसलंच संरक्षण उरत नाही. क्लोरीन पाण्याबरोबर चालतो. मानक सांगतं, ग्राहकाच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम उरलेला क्लोरीन हवा. घरी मोजायचं तर डीपीडीचं किट मिळतं. छोट्या नळीत पाणी भरायचं, गोळी किंवा पूड टाकायची, पाणी गुलाबी झालं की सोबतच्या रंगपट्टीशी ताडून बघायचं. जेवढा गडद गुलाबी, तेवढा क्लोरीन. काहीच रंग आला नाही तर एक तर क्लोरीन दिलेला नाही किंवा वाटेत घाणीने तो खाऊन टाकला आहे. रोज थोडा गुलाबी येणाऱ्या नळाला एके दिवशी अचानक रंग येईनासा झाला, तर ती बातमी टीडीएसच्या शंभर फोटोंहून मोलाची. ग्रुपवर टाकायची तर ती टाका.

"क्लोरीनचा वास येतो म्हणून आम्ही ते पाणी पीत नाही" असं सांगणारी मंडळी भेटतात. वास आवडत नसेल तर पाणी उघड्या पातेल्यात तासभर ठेवा, उडून जाईल. क्लोरीन आणि पाण्यातला सेंद्रिय गाळ मिळून ट्रायहॅलोमीथेन नावाची नको असलेली द्रव्यं बनतात हे खरं आहे, पण त्यांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका असं जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे. जंतूंचा धोका आज रात्रीचा असतो.

घरी जंतू पाहायचे असतील तर एचटूएसची छोटी बाटली मिळते. आत औषधात भिजवून वाळवलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं. बडोद्याच्या मे महिन्यात कपाटाचा कप्पा पुरतो, जानेवारीत नाही. पाणी काळं झालं तर विष्ठेची शंका दाट. ही चाचणी आपल्याच ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये जगापुढे मांडली आणि गावोगाव पोचली. ती कधी कधी विष्ठेशी संबंध नसलेल्या जिवाणूंनीही काळी पडते, म्हणून तिला शेवटचा निकाल समजू नका. काळी झालेली बाटली उघडून वास घेत बसू नका, ब्लीचिंग पावडर टाकून मगच फेकून द्या.

बोअरवाल्यांसाठी

बोअरच्या पाण्यात लोकांना सगळ्यात आधी खटकतो तो जडपणा. नळाच्या तोटीवर पांढरे थर, गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी, आणि तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाण्यादाण्याची. कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी जमतं आणि दाणा फुटू देत नाही. मानकात जडपणाची मर्यादा लिटरमागे २०० मिलीग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. पण तब्येतीच्या दृष्टीने जडपणा हा यादीत खालचा मुद्दा. जड पाण्याने मुतखडा होतो हे घरोघर ऐकू येतं, त्याला ठोस आधार नाही. पैसे गीझर वाचवायला घालवायचे असतील तर घालवा, घाबरून नको.

घाबरायचं तर नायट्रेटला. त्याला चव नाही, रंग नाही आणि मानकात सूटही नाही: ४५ मिलीग्रॅमच्या वर नको म्हणजे नको. ते येतं शेतातल्या खतांतून, गोठ्यांतून आणि जिथे ड्रेनेज पोचलेलं नाही तिथल्या खाळकुव्यांतून, म्हणजे शोषखड्ड्यांतून. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडू लागतं. इथे आपली सगळ्यात भरवशाची सवय उलटते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट एक लिटर आटून पाऊण लिटर झालं की ४५ चं ६० होतं. बाळासाठी म्हणून मुद्दाम दहा मिनिटं खळखळ उकळणारी आजी नकळत उलटंच करते. जंतूंसाठी एकदा चांगली उकळी येऊन मिनिटभर राहिली की पुरे. आणि बोअरमध्ये नायट्रेट चढत चाललं असेल तर समजा, कुठलं तरी मैलापाणी खाली झिरपतंय. आज नायट्रेट आलं, उद्या जंतू येतील.

फ्लोराइडचं गणित जमिनीखालच्या खडकावर ठरतं. २०१३ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या छोटा उदेपूरकडे अंबाडुंगरला फ्लोराइटचे मोठे साठे आहेत. अशा खडकांतून फिरणारं पाणी फ्लोराइड घेऊन येतं. मर्यादा १ मिलीग्रॅम, फार तर १.५. त्याहून जास्त पाणी लहान मुलं वर्षानुवर्षं पीत राहिली तर पक्के दात डागाळलेले येतात आणि प्रमाण फारच जास्त असेल तर मोठेपणी हाडं ताठरतात. उकळणं, गाळणं, यूव्ही यांतलं काहीही फ्लोराइडला हलवत नाही, आरओ हलवतो. पूर्वेकडच्या गावांतून नातेवाईक येत असतील तर त्यांच्या बोअरचं फ्लोराइड एकदा तरी बघून घ्या.

कारखान्यांच्या पट्ट्यात, नंदेसरीच्या बाजूला किंवा कुठल्याही जीआयडीसीशेजारी (गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीशेजारी) बोअर असेल तर एकदा जड धातूंची, विशेषतः क्रोमियम आणि शिशाची चाचणी करून घ्यावी. पाण्याला पिवळट रंग किंवा रसायनी वास असेल तर थांबूच नये. आर्सेनिक हा मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातला, बंगाल-बिहारकडचा प्रश्न. टीव्हीवर बघून इथे आधी त्यावर पैसे घालायची गरज नाही.

आरओ घ्यावा की नाही? बोअरचा टीडीएस हजाराच्या वर असेल, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर घ्या. २५० टीडीएसच्या आजव्याच्या पाण्यावर आरओ लावणं म्हणजे एक पेला पिऊन दोन-तीन पेले मोरीत ओतणं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यावर आरओ वापरायला मनाई करायला सांगितलं होतं ते याच कारणाने. तिथे साधी गाळणी आणि यूव्ही भागवून नेते, फक्त दिवा वेळेवर बदलायला हवा. तो पेटत राहतो, म्हणून आपल्याला वाटतं तो कामही करतोय.

नमुना आणि रिपोर्ट

लॅबमध्ये बिसलरीची रिकामी बाटली भरून नेणारे लोक रोज येतात. क्षारांच्या तपासणीसाठी ते चालतं, फक्त बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंसाठी अजिबात चालत नाही. त्याची निर्जंतुक बाटली लॅबच देते, तिच्यात क्लोरीन मारणारं थोडं औषध असतं, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारेल आणि रिपोर्ट खोटा चांगला येईल. म्हणून ती बाटली विसळायची नाही. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, झाकणाच्या आत बोट लागू न देता भरा, वर थोडी जागा ठेवा. बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी, शक्यतो सहा-आठ तासांत पोचवा. आदल्या रात्री भरून फ्रीजच्या दारात ठेवलेल्या नमुन्याला फारसा अर्थ नाही.

लॅब एनएबीएलची, म्हणजे देशातल्या प्रयोगशाळा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता असलेली असावी, आणि तुम्हाला हवी ती चाचणी त्या मान्यतेत बसते का तेही विचारा. रिपोर्ट हातात आला की दोन रकाने दिसतील, एक स्वीकारार्ह मर्यादा आणि एक दुसरा स्रोत नसल्यास चालणारी. दुसऱ्या रकान्यात बसलेल्या पाण्याला लॅब "मानकानुसार" लिहिते, पण तो रकाना लाचारीसाठी आहे. तुमच्याकडे महापालिकेचा नळ असताना बोअरचं १८०० टीडीएसचं पाणी त्या रकान्याच्या जोरावर पिण्यात अर्थ नाही.

"बीडीएल" लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ नाही असा होत नाही. त्यांच्या यंत्राला जिथपर्यंत दिसतं त्याच्या खाली, एवढाच. शिशाची मर्यादा ०.०१ आणि लॅबचं यंत्र ०.०५ पासूनच बघू शकत असेल, तर शिशासमोरचं "बीडीएल" तुम्हाला काहीच सांगत नाही. ती यंत्राची मर्यादा रिपोर्टवर छापलेली नसेल तर फोन करून विचारा. नायट्रेटच्या आकड्यातही अशीच एक फट आहे. काही लॅब नायट्रेट लिहितात, काही त्यातला फक्त नायट्रोजन. दुसऱ्या पद्धतीत ४५ ची मर्यादा साधारण १० होते. "नायट्रेट-नायट्रोजन १५" बघून ४५ च्या आत आहे म्हणून निश्चिंत झालात तर फसाल, कारण ते नायट्रेट म्हणून ६६ असतं.

ई. कोलाय आलाच तर सोसायटीत पहिली गोष्ट सुरू होते ती भांडण: महापालिकेचा दोष की आपल्या टाकीचा. ते मिटवायला तीन नमुने पुरतात. एक रस्त्यावरून येणाऱ्या लाइनचा, टाकीत पडण्याआधी, पाणी सुटल्यावर लगेच. दुसरा भूमिगत टाकीतला. तिसरा एखाद्या घराच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा. पहिलाच खराब असेल तर रिपोर्टची प्रत जोडून वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या. तोंडी सांगितलेलं पुढे जात नाही, तारीख आणि आकडा असलेलं जातं. पहिला चांगला आणि दुसरा खराब असेल तर टाकी उपसा, भिंती घासा, तडे बुजवा, झाकण जमिनीपासून वीतभर वर घ्या. तिसराच खराब असेल तर वरच्या टाकीत कबूतर आहे का ते आधी बघा.

सफाई झाली की टाकीत जास्त ताकदीचं ब्लीचिंगचं पाणी भरून काही तास राहू द्या, सगळ्या घरांचे नळ उघडून ते काढून टाका, आणि ताज्या पाण्याने भरल्यावर आठवड्याने दुसरा नमुना द्या. सफाईच्या दुसऱ्याच दिवशी घेतलेला नमुना उरलेल्या क्लोरीनमुळे हमखास चांगला येतो. तोवर पाणी उकळूनच प्यायचं, आणि दात घासायलाही तेच.